पहिल्यांदा क्रूझला निघताय? सातारा-सांगलीकरांसाठी गर्दी टाळण्याचा सगळा हिशेब

आमच्या साताऱ्यात क्रूझला जाऊन आलेल्या माणसांचे सरळ दोन पक्ष पडलेत. एक म्हणतो, ‘असं सुख कुठं नाही.’ दुसरा म्हणतो, ‘पैसे मोजून रांगेत उभं राहायला गेलो होतो.’ गंमत म्हणजे दोन्ही पक्षांतली माणसं कधीकधी एकाच जहाजावर होती, फक्त तारीख वेगळी. जहाजावरची निम्मी गर्दी तुम्ही घरी बसून बुकिंग करता तेव्हाच ठरलेली असते. उरलेली निम्मी चुकवायची तर कुठल्या वेळी कुठं जायचं नाही, एवढं कळलं की पुरे. मुंबईहून गोवा-लक्षद्वीपला जा नाहीतर विमानानं सिंगापूरला जाऊन तिथून जहाज पकडा, हा हिशेब दोन्हीकडं लागू पडतो.

१. आधी तारीख ठरवा, जहाज नंतर

बहुतेक जण उलटं करतात. जहाजाचे फोटो बघून भुलतात आणि मग मुलांच्या सुट्टीत मिळेल ती तारीख घेतात. दिवाळीची सुट्टी, नाताळ ते नवीन वर्ष, मे महिना आणि शनिवार-रविवारला जोडून आलेली कुठलीही सुट्टी या काळात खोल्या तर भरतातच, वर प्रत्येक खोलीत तिसरं-चौथं माणूस असतं. ती बहुतेक लहान मुलं असतात, आणि मुलं म्हणजे पूल, घसरगुंडी, आइस्क्रीमची रांग आणि लिफ्टची सगळी बटणं.

शाळेचं बंधन नसेल तर दिवाळीनंतरचा नोव्हेंबर, जानेवारीचा दुसरा-तिसरा आठवडा किंवा फेब्रुवारी घ्या. मुंबईच्या फेऱ्यांत सोमवार ते गुरुवार यांत बसणारी फेरी मिळाली तर शुक्रवारच्या फेरीकडं बघूही नका. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो, म्हणून मुंबईचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे.

आणखी एक प्रश्न एजंटला जरूर विचारा: ‘या फेरीला कुठल्या कंपनीचा मोठा ग्रुप आहे का?’ तासगाव-पलूसकडचे कितीतरी कृषी सेवा केंद्रवाले पहिल्यांदा क्रूझवर चढले ते औषध कंपनीच्या डीलर स्कीममधून. स्कीम चांगलीच, पण असे पाच-सहाशे डीलर एका फेरीला असले की थिएटर अर्धा दिवस त्यांच्या कार्यक्रमाला जातं आणि रात्री पूलजवळ डीजे. एजंटला ठाऊक नसेल तर त्याला क्रूझ कंपनीकडं फोन करून विचारायला लावा.

२. माणशी जागा किती, ते काढून बघा

मोठं जहाज म्हणजे जास्त गर्दी, असं नाही. लहान म्हणजे निवांत, असंही नाही. जहाजाच्या माहितीत ‘ग्रॉस टनेज’ नावाचा आकडा असतो. ते वजन नव्हे, ते जहाजाच्या आतल्या एकूण जागेचं माप. त्याला प्रवाशांच्या संख्येनं भागा.

उदाहरण घ्या. ‘आयकॉन ऑफ द सीज’ हे जहाज जानेवारी २०२४ मध्ये प्रवासी घेऊन निघालं. ग्रॉस टनेज २,४८,६६३. एका खोलीत दोघं धरली तर प्रवासी ५,६१०. भागाकार आला ४४. पण हेच जहाज जास्तीत जास्त ७,६०० प्रवासी घेऊ शकतं. तेव्हा भागाकार ३३ च्या खाली येतो. जहाज तेच, फक्त सुट्टीच्या तारखेनं माणशी जागा पावपटीनं कमी केली. सिंगापूरहून अनेक हंगाम चाललेल्या ‘स्पेक्ट्रम ऑफ द सीज’चा दोन माणसांच्या हिशेबानं भागाकार ४० च्या आसपास आहे. मुंबईच्या जहाजाचाही आकडा असाच काढा. तीसच्या खाली आला तर गजबज धरूनच चाला.

खोलीमागं दोनच माणसं मोजायची ही या धंद्याची रीत असल्यामुळं कंपन्यांच्या अहवालात ‘१०५ टक्के भरलेलं’ असे आकडे दिसतात. जहाजावर कुणी उभ्यानं झोपत नाही, घाबरू नका. तिसरी-चौथी बर्थ भरली, एवढाच त्याचा अर्थ.

३. खोली निवडताना मजल्यांचा नकाशा उघडा

खोल्या चार प्रकारच्या. आतली म्हणजे बिनखिडकीची, मग खिडकीची, बाल्कनीची आणि स्वीट म्हणजे मोठी, ऐसपैस. गर्दीचा ज्यांना खरंच त्रास होतो, त्यांनी बाकी सगळीकडं काटकसर करावी आणि बाल्कनी घ्यावी. बाहेर कितीही गोंगाट असो, दोन खुर्च्या आणि समुद्र तुमच्या मालकीचा असतो. उलट दिवसभर बाहेरच हिंडणार असाल तर आतली खोली पुरते.

चौघांनी एका खोलीत राहायचं ठरवण्याआधी खोलीचं माप चौरस फुटांत विचारा. वरच्या दोन बर्थ भिंतीतून किंवा छतातून खाली ओढायच्या असतात, शिडी लावायची असते आणि बाथरूम एकच. सकाळी आठला चौघांना एकदम आवरायचं असतं तेव्हा काय होतं, ते मी सांगायची गरज नाही. दोन शेजारच्या खोल्यांचा भाव काढून बघा. फरक कधीकधी वाटतो तेवढा नसतो.

नकाशात तीन गोष्टी बघा:

- खोलीच्या बरोबर वर पूल किंवा बुफे नको. पहाटे खुर्च्या सरकवण्याचा आवाज थेट डोक्यावर येतो. वर आणि खाली दोन्हीकडं खोल्याच असतील असा मजला उत्तम.
- लिफ्टजवळ हवी, पण लिफ्टसमोर नको. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर हे फार महत्त्वाचं. जहाजातले बोळ चालून पाय भरून येतात.
- गाडी लागणारं कुणी असेल, म्हणजे केळघर घाटातच ज्यांचा चेहरा उतरतो असं, तर जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर. तिथं डुलणं कमी जाणवतं.

‘गॅरंटी’ नावाखाली स्वस्त खोली मिळते, तिच्यात कुठली खोली द्यायची ते कंपनी ठरवते. चार कुटुंबं मिळून निघाला असाल तर त्या वाटेला जाऊच नका. चार टोकांना चार खोल्या येतील. आणि ग्रुपची सगळी बुकिंग एकमेकांना जोडून घ्यायला एजंटला सांगा, म्हणजे जेवणाचं टेबल एकत्र मिळायची शक्यता राहते.

४. दर कसा वाचायचा

जाहिरातीतला आकडा माणशी असतो, तोही दोघं एका खोलीत धरून. त्यात बंदराचे आकार, कर आणि रोजची माणशी ग्रॅच्युइटी (म्हणजे कर्मचाऱ्यांची टिप) बहुतेक वेळा धरलेली नसते. ‘मुलं फ्री’ लिहिलेलं असलं तरी मुलांचे बंदर-आकार आणि ग्रॅच्युइटी सहसा भरावीच लागते. एजंटला मी असं विचारतो, ‘दादा, माणशी किती ते राहू दे. पाच जणांचे, जहाजावर चढल्यापासून उतरेपर्यंत, सक्तीचे सगळे धरून किती ते कागदावर लिहून दे.’ हे लिहून द्यायला जो टाळाटाळ करतो तो एजंट बदला.

जहाजावर वायफाय, कोल्ड्रिंक, दारू, बाटलीबंद पाणी, खास रेस्टॉरंट, फोटो आणि किनाऱ्यावरच्या सहली वेगळ्या. साधं पिण्याचं पाणी आणि बुफेतलं जेवण दरात असतं. वायफाय लागणारच असेल तर निघण्याआधी ऑनलाइन घ्या, सहसा स्वस्त पडतं. परदेशी पॅकेजवर टीसीएस, म्हणजे विकतानाच आगाऊ घेतला जाणारा आयकर, कापला जातो. त्याची पावती जपून ठेवा, आयकर विवरणपत्रात तो वळता करून घेता येतो.

५. कागदपत्रं

देशातल्या फेरीसाठी:

- प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र: आधार, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना किंवा पासपोर्ट. मुलांचंही.
- वेब चेक-इन झाल्याचा बोर्डिंग पास, छापील. मोबाइलची बॅटरी आणि बंदरावरचं नेटवर्क यांच्यावर विसंबू नका.
- लक्षद्वीपला उतरायचं असेल तर प्रवेश परवाना. भारतीयांनाही तो लागतो. बहुधा कंपनीच काढते, पण कुणी काढायचा आणि कधीपर्यंत, ते बुकिंगच्या वेळीच विचारा.

परदेशी फेरीसाठी याशिवाय:

- परतीच्या तारखेपुढं किमान सहा महिने मुदत असलेला पासपोर्ट.
- जहाज ज्या-ज्या देशांत थांबणार त्या सगळ्यांच्या व्हिसाची ताजी स्थिती. सिंगापूरहून निघून सिंगापूरलाच परतत असाल तर तुम्ही त्या देशात दोनदा शिरता. व्हिसा एकाहून जास्त प्रवेशांचा आहे ना, ते वाचून खात्री करा.
- सिंगापूरचं ऑनलाइन अरायव्हल कार्ड, पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं. ते भरायला पैसे पडत नाहीत. पैसे मागणारी वेबसाइट दिसली तर ती सरकारी नाही.
- प्रवास विमा. जहाजावरचा डॉक्टर महाग असतो.

गरोदर महिलांना २४ आठवड्यांनंतर आणि सहा महिन्यांखालच्या बाळांना बहुतेक कंपन्या घेत नाहीत. बारशाच्या आधीच बुकिंग करून बसणारे लोक पाहिलेत, म्हणून सांगतोय. आणि आधार-पासपोर्टवरच्या नावांचं स्पेलिंग बुकिंगशी तंतोतंत जुळवा. लग्नानंतर नाव बदललेल्या वहिनींचं गेटवरच अडतं.

६. बॅगेत काय नको

इस्त्री, किटली, सर्ज प्रोटेक्टर असलेला एक्स्टेंशन बोर्ड, मेणबत्ती, उदबत्ती, ड्रोन: तपासणीत काढून घेतात. घरचं शिजवलेलं खाणंही बहुतेक जहाजांवर चालत नाही, त्यामुळं धपाट्यांचा डबा रेल्वेतच संपवा. सांगलीचं भडंग कंपनीच्या बंद पाकिटातलं असेल तर सहसा अडवत नाहीत. घरच्या पिशवीतलं असेल तर नशीब.

एक लहानशी हातबॅग वेगळी भरा. मोठं सामान बंदरावर ताब्यात घेतात आणि ते खोलीच्या दाराशी यायला संध्याकाळ होते. औषधं, चार्जर, मुलांचे पोहण्याचे कपडे, कागदपत्रं या हातबॅगेत. पहिल्या दुपारी पूल रिकामा असतो आणि निम्म्या जहाजाचे पोहण्याचे कपडे तळघरात पडलेले असतात. खोलीच्या भिंती बहुधा धातूच्या असतात, म्हणून चुंबकाचे चार हूक नेले तर ओले टॉवेल टांगायची सोय होते.

७. बंदरावर पोचणं

मुंबईची जहाजं बॅलार्ड पिअरच्या बाजूनं सुटतात, आणि हा भाग सीएसएमटीपासून टॅक्सीनं अगदी जवळ आहे. आपल्यासाठी ही मोठी सोय. सांगली, मिरज किंवा साताऱ्याहून रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस धरली की सकाळी थेट सीएसएमटी. साताऱ्याचं स्टेशन माहुलीला, गावापासून लांब, त्यामुळं रात्री रिक्षाची सोय आधी करून ठेवा. त्याच दिवशी सकाळी गाडीनं निघून दुपारचं जहाज पकडायचा बेत मात्र नको. खंबाटकी, मग पुणं, मग लोणावळ्याचा घाट आणि पनवेलच्या पुढं मुंबई. यातलं एक जरी अडकलं तरी जहाज थांबत नाही. गेट निघण्याच्या बऱ्याच आधी बंद होतं. नेमकी वेळ बोर्डिंग पासवर असते. सिंगापूरचं जहाज असेल तर आदल्या दिवशी पोचून एक रात्र तिथं काढा.

वेब चेक-इनमध्ये बंदरावर येण्याची वेळ निवडता येत असेल तर पहिली किंवा शेवटची घ्या. मधली सगळ्यांनाच सोयीची वाटते, म्हणून रांग तिथंच.

८. जहाजावरचे पहिले काही तास

चढल्या चढल्या सगळे बुफेत जातात. हातात सॅक, खांद्यावर पोर, डोळे टेबल शोधतायत. तुम्ही खालच्या मजल्यावरची मुख्य डायनिंग रूम दुपारी उघडी आहे का, ते दारातच विचारा. असते तेव्हा तिथं बसून, वाढून मिळतं, त्याच पैशांत.

जेवणाआधी किंवा नंतर लगेच तीन कामं: कंपनीच्या ॲपवर शोची जागा राखून ठेवणं, मुलांच्या क्लबची नोंदणी (बहुतेक ठिकाणी तीन वर्षांच्या पुढं), आणि फोन एअरप्लेन मोडवर टाकणं. शेवटचं हसण्यावारी नेऊ नका. समुद्रात फोन जहाजाच्या स्वतःच्या नेटवर्कला चिकटतो आणि त्याचं बिल घरी येतं.

मग सुरक्षेची कवायत, म्हणजे धोक्याच्या वेळी कुठं जमायचं याची तालीम. ती टाळायची नसते आणि टाळताही येत नाही. १३ जानेवारी २०१२ ला इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आपटून कलंडलं, ३२ माणसं गेली. त्याच संध्याकाळी चढलेल्या कितीतरी प्रवाशांची कवायत झालेली नव्हती, कारण तेव्हाचा नियम २४ तासांच्या आत, असा होता. नियम बदलला आणि कवायत जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणीच सक्तीची झाली. आपलं जमायचं ठिकाण खोलीच्या दारामागं लिहिलेलं असतं. आजी-आजोबांना तिथपर्यंत एकदा चालवून आणा.

९. रोजची गर्दी आणि ती कुठं फुटते

कास पठारावर रविवारी अकराला गेलात तर फुलांपेक्षा माणसं जास्त दिसतात, आणि तेच पठार मंगळवारी सकाळी तुमचंच असतं. जहाजाचंही तसंच. मात्र इथं आठवड्याच्या वाराऐवजी घड्याळ बघायचं.

नाश्त्याची लाट साडेआठ ते साडेनऊ. साडेसातला जा. रात्रीचं जेवण मजेशीर आहे: मुंबईच्या फेरीत आपली माणसं साडेआठनंतरच टेबलाकडं वळतात, त्यामुळं सातला डायनिंग रूममध्ये वेटर तुमची वाट बघत उभे असतात. सिंगापूरच्या जहाजांवर चिनी आणि स्थानिक कुटुंबं सहाच्या सुमारास जेवतात आणि भारतीय ग्रुप नऊला. मधला पाऊण तास मोकळा. जैन जेवण, उपवास, बिनलसणाचं हवं असेल तर बुकिंग करतानाच कळवा आणि पहिल्या रात्री हेड वेटरला पुन्हा सांगा. एकादशी जहाजावर येणार असेल तर तारीख सांगून ठेवा. साबुदाणा मिळेलच असं नाही, फळं नक्की मिळतात.

लिफ्ट. रात्री शो सुटला की थिएटरबाहेर जे होतं ते एकदा बघण्यासारखं आहे. सहा लिफ्ट, प्रत्येकीसमोर तीस-चाळीस माणसं, वरून येणारी प्रत्येक लिफ्ट आधीच भरलेली, दार उघडतं, आतले बाहेरच्यांकडं बघतात, बाहेरचे आतल्यांकडं, दार मिटतं. गुडघे बरे असतील तर जिना. नसतील तर थिएटरमध्येच दहा मिनिटं बसून राहा. शो दोनदा असतो. लवकर जेवलात तर उशिराचा बघा.

पूल फोटोत दिसतो त्यापेक्षा लहानच निघतो. समुद्रातल्या पूर्ण दिवशी दुपारी अकरा ते चार तिथं पाय ठेवायला जागा नसते. पोहायचं तर नाश्त्याआधी किंवा सगळे संध्याकाळी आवरायला गेल्यावर. खुर्च्यांचं दुखणं जगभर सारखं आहे: पहाटे टॉवेल टाकून जागा अडवायची आणि दहाला उगवायचं. बऱ्याच जहाजांवर ठरावीक वेळ कुणी फिरकलं नाही तर टॉवेल उचलण्याचा नियम आहे. भांडू नका, पूलजवळच्या कर्मचाऱ्याला सांगा, तो उचलतो. आणि आपणही काकूंसाठी, मामींसाठी, मागून येणाऱ्या चार पोरांसाठी ओढणीनं सात खुर्च्या बांधून ठेवू नयेत. या बाबतीत मराठी माणूस मागं नाही.

निवांत जागा मात्र प्रत्येक जहाजावर असतात. वाचनालय, पुढच्या टोकाचा डेक, आणि जीवरक्षक बोटींखालून जाणारा चालायचा मजला, जिथं बार नाही म्हणून कुणी फिरकत नाही. पहिल्या दिवशी तासभर हिंडून अशी एक जागा हेरून ठेवा.

हात साबण-पाण्यानंच धुवा, विशेषतः बुफेआधी. जहाजावर पोट बिघडवणारा नोरोव्हायरस नुसत्या सॅनिटायझरला पुरता दाद देत नाही.

१०. बंदराचा दिवस

मुंबईचं जहाज गोव्यात लागतं ते मुरगावला, म्हणजे वास्कोच्या बाजूला. कळंगुट-बागा उत्तरेला. जाण्या-येण्यात आणि टॅक्सीच्या घासाघिशीत दिवसाचे तुकडे होतात. आपल्या सांगली-साताऱ्याच्या माणसाला गोवा काही नवा नाही. आंबोली उतरून सकाळचा निघालेला दुपारी मासे खायला पोचतो. म्हणून माझा सल्ला ऐका: गोव्याच्या दिवशी जहाजावरच थांबा. निम्म्याहून अधिक माणसं उतरतात, आणि ज्या घसरगुंडीला काल चाळीस मिनिटं लागली तिथं मुलं दमेपर्यंत फेऱ्या मारतात.

जिथं जहाज धक्क्याला लागत नाही, खोल पाण्यात नांगर टाकतं, तिथं लहान बोटीतून नेतात. लक्षद्वीपची बेटं तशीच, आणि थायलंडच्या फुकेतला पाटोंग किनाऱ्यासमोरही बरीच जहाजं अशीच थांबतात. बोटीसाठी नंबराची चिठ्ठी घ्यावी लागते. अगदी पहिल्या बोटी धरा, नाहीतर दीड तासानं निवांत निघा. समुद्र खवळला तर उतरणं रद्द होतं, आणि त्यावर वाद घालून उपयोग नसतो. लक्षद्वीपसाठीच पैसे भरत असाल तर हे आधी मनाशी पक्कं करा.

बाहेर जाणार असाल तर ‘जहाजाची वेळ’ वेटरला विचारून मनगटी घड्याळात लावा. थायलंड सिंगापूरच्या एक तास मागं आहे. जहाजानं सिंगापूरचीच वेळ ठेवली असेल आणि तुमचा मोबाइल आपोआप थाई वेळ दाखवत असेल, तर तुम्ही मजेत तासभर उशिरा याल आणि जहाज गेलेलं असेल. कंपनीच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं. स्वतःच्या टॅक्सीसाठी कुणी थांबत नाही.

११. शेवटची रात्र आणि परतीची गाडी

आदल्या रात्री मोठ्या बॅगा खोलीबाहेर ठेवायच्या असतात. सकाळचे कपडे, चपला, औषधं आणि पासपोर्ट बाहेर काढून मगच चेन लावा. दर फेरीला कुणीतरी नाइट ड्रेसवर उतरतंच. बॅगा स्वतः ओढत उतरायची मुभा असते, सामान कमी असेल तर तीच घ्या. धक्क्यावर शेकडो काळ्या सुटकेसांतून आपली शोधायला नको.

खर्चाचं बिल आदल्या रात्रीच ॲपवर किंवा टीव्हीवर ओळ-ओळ वाचा. चुकीची नोंद असेल तर त्याच रात्री काउंटरवर जा, कारण सकाळी तिथंच सगळ्यात लांब रांग असते. जहाजावरच्या खर्चापोटी क्रेडिट कार्डवर अडकवून ठेवलेली रक्कम सुटायला काही दिवस जातात. डेबिट कार्ड दिलं तर तेवढे खरे पैसे अडकून पडतात, म्हणून क्रेडिट कार्डच द्या.

परतीला सकाळची कोयना एक्सप्रेस धरायचा हट्ट नको. ती सीएसएमटीहून साडेआठच्या सुमारास सुटते आणि तेव्हा तुम्ही अजून उतरायच्या रांगेतच असता. रात्रीच्या महालक्ष्मीचं तिकीट आरक्षण खुलं होताच काढा, सामान सीएसएमटीच्या क्लोकरूममध्ये टाका. क्लोकरूमवाले कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत, तेव्हा दोन लहान कुलपं हातबॅगेत असू द्या.